उघडे निरोप

मदीहाने लॅपटॉप कुणालच्या टेबलावर आपटलाच. "कमळाताईंना कामावरून काढण्याआधी मला विचारलंत का?"

काल्हेरच्या त्या औषधांच्या गोदामात ती सिस्टिम सांभाळायची. मॅनेजर कुणालने मानही वर केली नाही. "भामटे गिऱ्हाइकांना फोन करतायत. औषधाचं नाव सांगून ओटीपी मागतायत. त्या गिऱ्हाइकांची खोकी तिनेच पॅक केली होती. आणखी कोण?"

कमळा शेजारच्या अंजूर गावची, सहा वर्षं पॅकिंगवर. काल सगळ्यांसमोर तिची पिशवी उलटी करून झडती घेतली होती.

"आणखी कोण ते दाखवते." मदीहाने गोदामाचं वायफाय जोडलं. त्याचा पासवर्ड ट्रकवाल्यांसाठी भिंतीवरच चिकटवलेला होता. स्कॅनरचे सगळे निरोप ज्या ब्रोकर सर्व्हरवरून जात, त्याची वाहती लाइन तिने पडद्यावर उघडली. नावं, पत्ते, फोन, टीबीच्या गोळ्या. हे वायफाय जोडणाऱ्या कुणालाही सगळं सरळ वाचता येत होतं.

"तीन मेल केले, सर. लाइन एन्क्रिप्ट करू द्या, बाहेरच्याला काही वाचता येणार नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, सीझननंतर बघू."

"स्कॅनर बंद पडले असते!"

"आता पडतीलच."

तिने एन्क्रिप्शनसाठी लागणारं डिजिटल सर्टिफिकेट बनवलं, ब्रोकरवर चढवलं, जुनं उघडं पोर्ट बंद केलं. चाळीस स्कॅनर एकदम गप्प झाले. बाहेर ट्रक हॉर्न वाजवू लागले. कुणाल तिच्या शेजारी उभा राहून ओरडत होता. रागाच्या भरात फाइलचा पत्ता चुकला, ब्रोकर सुरूच होईना. दात आवळून तिने पुन्हा टाइप केलं. मग एकेका स्कॅनरमध्ये सर्टिफिकेट भरत गेली. दोन तासांनी माल हलला, आणि लॅपटॉपवर निरोपांऐवजी नुसता अगम्य कचरा दिसू लागला.

"कमळाला सांग, उद्यापासून ये," कुणाल पुटपुटला.

संध्याकाळी मदीहा रिक्षाने अंजूरला गेली. कमळाने ऐकून घेतलं. "तू केलंस ते बेस केलंस, पोरी. पन माझी पिशवी सगळ्यांम्होरं उलटी केली न् बोलावनं असं गुपचूप? न्हाय येनार मी. त्याला तितंच चुकलो म्हून बोलू दे."

दुसऱ्या दिवशी मदीहाने ते तिन्ही मेल गोदामाच्या मालकांना धाडले.

तीन दिवसांनी, मालकांच्या हुकमावरून, कुणाल पॅकिंगच्या रांगेपुढे उभा राहिला. कमळालाही बोलावलं होतं; ती रांगेच्या मागे उभी होती. "चूक झाली," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मोठ्यानं बोला, साहेब," कमळा म्हणाली. "मागं ऐकू येत न्हाय."