निवृत्तीबुवांची हळद

निवृत्तीबुवांच्या कीर्तनातला गजर चिखली तालुक्यात नावाजलेला होता. बुवा ऐन रंगात आले की खांद्यावरच्या उपरण्याला हात लावत, आणि मागचे टाळकरी ‘विठ्ठल विठ्ठल’ असं काही उचलून धरत की अख्खं पटांगण डोलायला लागे. म्हाताऱ्या डोळे पुसत. “बुवाचा गजर म्हंजे गजर! भान राहत नाही, माय.”

लोकांचं भान राहत नसे हेच बरं होतं. कारण तेवढ्या वेळात बुवा तांब्या घेऊन देवळामागच्या लिंबाकडे पळालेले असत.

हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं. एक रुखमाबाई, बुवांची बायको. दुसरा उत्तमराव, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त आणि पखवाजी. उपरण्याची खूण त्यानेच काढलेली. वर्षभर बुवांचं पोट असं बेइमान झालं होतं. कळ यायची, आव पडायची, आणि आवेबरोबर रक्त. बेलाचा मुरंबा झाला, कुड्याची साल झाली, अंगारेही झाले. अंग वाळून चिपाड झालं. पण खरी बोच वेगळीच होती. यंदाच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन बुवांकडे होतं. पहिल्या अभंगापासून हंडी फुटेपर्यंत देवासमोरून हलायचं नाही, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं. आणि देव तर मध्येच उठवून लावत होता. कोणतं पाप नडत असेल?

शेवटी रुखमाबाईंनी त्यांना यष्टीत घातलं आणि बुलढाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं.

“मोठ्या आतड्याला सूज आहे, बुवा. आतून जखमा झाल्यात.”

“कशानं झालं जी? काही पाप...”

“देवाला पापच मोजायचं असतं, तर तो आतड्यात कशाला शिरला असता?” डॉक्टर हसले. “नक्की कारण अजून कोणालाच सापडलेलं नाही. शरीरात रोगाशी लढणारी जी ताकद असते ना, ती कधी कधी आपल्याच आतड्यावर उलटते असं म्हणतात. ही लागण नाही. कोणाची नजरही नाही.”

बुवा म्हणाले, “म्हंजे कुंपणच शेत खाऊन राह्यलं म्हणा की!”

“अगदी तसंच. त्या कुंपणाला आवर घालू. गोळ्या मुंबईहून मागवतो. पाणी भरपूर प्या, तिखट सोसत नसेल तर खाऊ नका. आणि बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही. हा रोग दबून राहतो, पुन्हा डोकं काढतो.”

गोळ्या आल्या. हळूहळू रक्त थांबलं. भाकरी अंगी लागली. बुवा ओसरीवर बसून पुन्हा चाली घोळवू लागले, आणि रुखमाबाईंच्या तव्यावरच्या भाकरीलाही ताल आला.

पण एक दिवस बंडी धुताना रुखमाबाई किंचाळल्याच. “अहो, हे काय? काखेत पिवळं, पाठीवर पिवळं!”

बुवांनी मान खाली घातली. “लघवी बी तशीच होऊन राह्यली. हळदीच्या पाण्यावानी.”

“कावीळ!” दोघं एकदमच म्हणाले.

मुंबईची गोळी मेली काळजावर गेली, असं ठरवून डबा फडताळात गेला आणि बुवांच्या पुढ्यात उसाचा रस आला. पुढे व्हायचं तेच झालं. रक्त परतलं, तांब्या परतला, आणि सप्ताह महिन्यावर आला. पुन्हा यष्टी, पुन्हा बुलढाणा.

डॉक्टरांनी बुवांची पापणी खाली ओढली. “डोळे तर लाह्यांसारखे पांढरे आहेत. कुठली कावीळ? अहो, हा रंग गोळीचाच! लघवीला येतो, कधी घामालाही. पण सांगायचं राहून गेलं, चूक माझी.” त्यांनी तीच गोळी पुन्हा सुरू करायला लावली आणि जोडीला सूज लवकर उतरवणारी दुसरी दिली, ती मात्र ते सांगतील तसतशी कमी करत नेऊन बंद करायची होती.

“एवढं सोन्यावानी पिवळं, अन् आमी भिऊन राह्यलो!” रुखमाबाई परतीच्या वाटेवर हसत राहिल्या.

काल्याच्या दिवशी सकाळी पटांगण फुलून गेलं होतं. वर दह्याची हंडी, खाली बुवा पांढऱ्याशुभ्र बंडीत. कृष्णाच्या खोड्या सांगता सांगता ते असे नाचले की घामाने निथळले. आणि बायकांत पुढे बसलेल्या गोजरबाई ओरडल्या, “अवो, पाहा पाहा! देवानं बुवाले हळद लावली!”

पाठीवर खरंच पिवळे ओघळ उतरले होते. बाया पाया पडायला उठल्या. गोंधळलेल्या बुवांचा हात सवयीने उपरण्याकडे गेला, आणि उत्तमरावने गजर उचलला. ‘विठ्ठल विठ्ठल!’ पटांगण डोलू लागलं. बुवा मात्र जागचे हलेनात.

“जा ना बे!” उत्तमराव दातओठ खाऊन पुटपुटला. “काऊन उभा राह्यला?”

“मले लागलीच नाही!” बुवा म्हणाले. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. पोट गप्प होतं. देव समोर होता. आणि देवासमोर उभं राहून खोट्या हळदीचा मान कसा घ्यायचा?

त्यांनी हात वर करून गजर थांबवला. “मायबाप, ही हळद देवानं नाही लावली. बुलढाण्याच्या डॉक्टरच्या गोळीची हाय. मले आतड्याचा रोग हाय. अन् तो लांब गजर म्हणता ना तुमी? तवा मी लिंबामागं तांब्या घेऊन बसेल राहत होतो!”

पाया पडायला उठलेल्या बाया जागच्या जागी थबकल्या. मग गोजरबाईंच्या पोटातून खदखदून हसू फुटलं. “अरे बुवा, आमी अर्धा अर्धा घंटा देवाचं नाव घेतलं ते तुह्या पोटापाई का? मंग लय गुणाचं पोट हाय रे तुहं!”

हसण्याची अशी लाट उसळली की पखवाजालाही थांबावं लागलं. हंडी फुटली, दही उडालं, लाह्या उधळल्या. रुखमाबाईंनी लोणच्याची फोड बाजूला काढून काला बुवांच्या ओंजळीत घातला.

त्या गर्दीत शेजारगावचा इंद्रभान पहिलवान कोपरापर्यंत दह्याने माखून बुवांजवळ सरकला. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाला, “बुवा, बुलढाण्याची पहिली गाडी कवा असते?”

बुवांनी त्याच्या वाळलेल्या दंडाकडे पाहिलं आणि ओंजळीतला अर्धा काला त्याच्या हातावर ठेवला.

“उद्या तांबडं फुटता फुटता फाट्यावर ये. मीबी येतो संगं. माह्या गोळ्या सरत आल्या.”