मांडीवरच्या दोन थापा

"टायर फुटला, त्याला तू काय करणार?" पाद्रीबुवा वाल्डोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "देवाची मर्जी बाबा."

देवाचा यात काही संबंध नव्हता, हे वाल्डो प्रेंटिसला एकट्याला ठाऊक होतं.

आधी तो सायकली दुरुस्त करायचा. मग अकरा वर्षं इंडियाना-ओहायोच्या जत्रांतल्या मातीच्या रिंगणांत त्याने शर्यतीची गाडी हाणली. बरगड्या मोडल्या, एक कान गेला, पेपरात नाव झळकलं. शेजारी बसून तेलाचा पंप मारणारा ऑटी, म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, फोटोत मात्र नेहमी अर्धा कापलेला. इंजिनापुढे बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ऑटी वाल्डोच्या मांडीवर थाप मारी. एक थाप म्हणजे मागून गाडी येतेय. दोन म्हणजे टायर संपला, बदलायला गाडी आत घे.

परवा तीन फेऱ्या उरल्या असताना ऑटीने दोन थापा मारल्या. वाल्डोने लक्ष दिलं नाही. मग ऑटीने दोन गुद्दे हाणले. वाल्डोने नुसती मान हलवली. पुढच्याच वळणावर टायर गेला आणि गाडी कुंपणावर उलटली. वाल्डो बाहेर फेकला गेला, थोडं खरचटलं. ऑटी गाडीखाली सापडला.

आता बैठकीच्या खोलीत ऑटीची शवपेटी होती आणि त्याची आई हॅना जावयासाठी कॉफी घेऊन आली होती.

"घे रे. कालपासून पोटात काही नाही तुझ्या."

ती माया वाल्डोला सोसेना.

"आई, त्याने मला सांगितलं होतं. दोनदा. मी थांबलो नाही."

"का?"

खोटं बोलायचा त्याने प्रयत्न केला, पण जमलं नाही. "मी पहिला होतो."

हॅनाने कप खाली ठेवला. "वाल्डो आहे तोवर काळजी करू नको, असं ऑटी म्हणायचा मला," ती म्हणाली.

दारात घोडागाडी लागली. पेटीला सहा कड्या, उचलायला सहा माणसं ठरलेली, त्यांत वाल्डोही. वाल्डोने शेवटची कडी धरली. हॅना आली, तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि कडी स्वतः धरली.

"अहो, तुम्हाला झेपायचा नाही तो," पाद्रीबुवा गडबडले.

"नऊ महिने झेपला होता."

अडुसष्ट वर्षांची ती बाई वाकून, धापा टाकत पायऱ्या उतरली. वाल्डो मागोमाग निघाला. मोकळ्या हातांचं काय करावं, ते त्याला कळत नव्हतं.