तोडलेल्या अक्रोडाची जागा

रंगारीण हट्टी आहे हे तिच्या दिराला ती लग्न होऊन घरात आली तेव्हापासून ठाऊक होतं. पण ओढ्याकाठचा काळा अक्रोड तोडायचाच, यावर तोही अडून बसला होता. त्याच्या टोमॅटोची रोपं त्या झाडाखाली दरवर्षी माना टाकत. मुळांतून विष उतरतं, हे तिनंच त्याला सांगितलेलं, आणि आता तेच तिच्या अंगाशी आलं. आधीच तोडलेल्या जोडीच्या अक्रोडाचं सुरेख कपाट घरात उभं होतंच, तेव्हा लाकडाची त्याला हाव नव्हती. त्याला जमीन हवी होती.

तिचं पोट मात्र त्या झाडावर होतं. फळांची हिरवी साल कुजवून, उकळून ती लोकर रंगवायची. असा तपकिरी रंग, की धुऊन धुऊन लोकर विरेल, रंग हलायचा नाही! कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन ती खुशाल लोकांकडे जेवायला जाई. अक्रोडाला खोल, ओलसर माती लागते आणि नवं झाड लावलं तर साल मिळायला दहा-बारा वर्षं. तोवर काय हवा खायची?

करवतवाला बुंधा मोजून गेला, तेव्हा तिनं दिराला गाठलं.

“भाऊजी, पाच वर्षांपूर्वी जोडीचं झाड तोडलंत, त्या जागेवर टोमॅटो लावा. महिनाभर जगले, तर करवतीचं दुसरं टोक मी धरते.”

त्यानं खत घालून रोपं लावली. मधेच आठवडाभर तो बाहेरगावी गेला आणि पाणी घालायचं तिच्याकडे आलं. रंगाच्या पिंपातलं, सालीचं तेच विष उतरलेलं पाणी ओतलं असतं तर काम फत्ते. तिचा हात पिंपाकडे गेलाही, खोटं कशाला बोला. पण तसं जिंकून पुढच्या वर्षी पुन्हा तेच रडगाणं. तिनं मुकाट्यानं ओढ्याचं पाणी घातलं, काठ्या रोवून रोपं बांधली. ती चांगली तरारलेली पाहून तिची पाचावर धारण बसली होती.

तेविसाव्या दिवशी सगळी रोपं मलूल झाली. दिरानं उकरून पाहिलं, तर खाली जुनी मुळं तशीच. त्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं. करवतवाल्याला त्यानं आपणहून नको म्हणून कळवलं.

“मग इथं येतं तरी काय, वहिनी?”

“कांदे, बीट, घेवडा.”

“आधी नाही का सांगायचं?”

“पाच वर्षं सांगतेय,” ती म्हणाली आणि दुसरी कुदळ आणायला गेली.