नावाची जागा

सिंधुबाईंनी सीडी प्लेअरच्या कडेचं आवाजाचं चाक अंगठ्यानं मागं ओढलं आणि गाणं बरोबर नावाआधी मुकं झालं. मनात तीनपर्यंत मोजून त्यांनी चाक पुन्हा पुढं सारलं.

"माय, मोबाइलमा टाकी देऊ का?" मुलगा हेमकांत म्हणाला. "या डबडानं काय खरं शे?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर त्यांच्या अंगठ्याला काही कळत नव्हतं. पण हे बोलून सांगायची सोय राहिली नव्हती. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात आवाजच गेला. रनाळ्यात कुणाच्याही घरी हळद असो, चाळीस वर्षं पहिली ओळ सिंधुबाईंची. आणि आता सख्ख्या नातीच्या हळदीला गप्प बसायचं? ते त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

म्हणून ही सीडी. लेकीच्या, दीपमालाच्या हळदीत शहाद्याच्या व्हिडिओवाल्यानं त्यांची गाणी टिपून घेतली होती. दीपमाला माहेरी आली की हाच प्लेअर हेमकांतच्या गाडीत लावायची आणि आईच्या वर आवाज चढवून गायची. दोन वर्षांपूर्वी ती काविळीनं गेली. तेव्हापासून तिची लेक भूमिका आजोळीच होती, आणि आता तिचं लग्नही मामाच्याच दारात होतं.

गाण्यात नवरीचं, म्हणजे दीपमालाचं, नाव सात वेळा येत होतं.

"माय, हळदना दिन गयेल माणूसनं नाव नको वं," सून दिपालीनं आधीच बजावलं होतं.

सिंधुबाईंनी लगेच मान डोलावली. शकुनाचं निमित्त त्यांना बरं सापडलं होतं. खरं तर ते नाव स्वतःच्याच आवाजात ऐकायची त्यांची छाती होत नव्हती. तीन दिवसांच्या सरावात त्यांनी ते एकदाही वाजू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात त्या प्लेअर मांडीवर घेऊन बसल्या. हेमकांतनं वायर स्पीकरला जोडून दिली.

"कोनले लागनी वं हळद?" स्पीकरमधून त्यांचा जुना आवाज आला. सिंधुबाईंनी चाक मागं ओढलं.

"भूमिकाले लागनी वं!" बायकांनी नावाची जागा भरली.

चार वेळा अगदी बिनचूक जमलं. बायका रंगात आल्या. एकीनं तर सिंधुबाईंच्या पाठीवर थाप मारली.

पाचव्या वेळी भूमिकानं आपला हळदीनं माखलेला हात आजीच्या अंगठ्यावर दाबून धरला.

"ऱ्हाऊ दे, आजी. येऊ दे मन्ही मायले."

"दीपमालाले लागनी वं..."

आवाज भरदार होता, हसरा होता. त्याला कसलीच काळजी नव्हती. ती ओळ कुणी उचलली नाही. दिपालीच्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली.

नवरीनं आपल्या हळदीत गायचं नसतं. भूमिका खाली मान घालून एकटीच ती ओळ गायला लागली, आईच्या नावासकट.

सिंधुबाईंनी तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा आली. तरी त्यांनी नातीबरोबर ओळ शेवटपर्यंत म्हटली.