मडक्याचं झाकण

अगं ऐका ना, ती मुगाची गोड पेज कुठे पळून जात नाहीये, आधी माझं ऐका. आणि किट-लिंग, माझ्या बुटांकडे बघून हसू नकोस. नवे होते ते. नवे! त्या माइतेताईनं त्यांची पार वाट लावली.

माइतेताई म्हणजे ती स्पॅनिश बाई, जिच्याबद्दल मी फोनवर रडत होते ना, तीच. मला वाटलं होतं, सोपं काम आहे. नवरा-बायको येणार, सरकारी कचेरीत त्यांच्या हातात दत्तक मुलगी देणार, ते सह्या करणार, मी मधे बसून दोन्हीकडचं बोलणार, झालं. स्पॅनिश शिकले त्याचा काहीतरी उपयोग. तर ते विमानातून उतरतात न उतरतात तोच कचेरीतून फोन, की बालगृहात कांजिण्या आल्यात. मुलं आत्ता पाठवता येत नाहीत. थांबा.

किती थांबायचं? ते कुणी सांगेना. थांबा म्हणजे थांबा.

आता नवरा, इकेर, तो शहाणा. हॉटेलातल्या फोनशेजारी खुर्ची घेऊन बसला. "कुणीतरी फोनजवळ हवंच ना," म्हणाला. आणि ही? त्याचं वाक्य संपायच्या आत ही बूट घालून दारात! मला म्हणते, "साऊ-मान, मला खोलीत बसवत नाही. चल, चालू या."

चालू या म्हणजे कसं, तर वेड्यासारखं. शामिन बेटावरच्या हॉटेलातून निघायचं, सुक्या माशांच्या आणि औषधांच्या बाजारातून, मग कमानींखालच्या त्या जुन्या दुकानांच्या रस्त्यानं, बोटीनं पलीकडे, पलीकडे परत चालायचं, आणि येताना पुलावरून. हवा कशी होती आठवतंय ना? भिंतींना घाम, फरशीला घाम, माझे मोजे सुद्धा वाळत नव्हते! मी म्हटलं, "ताई, बस आहे, टॅक्सी आहे, हे शहर मोठं आहे हो." तर म्हणते, "टॅक्सीत वास येत नाही."

बरं, बघायची काय? मंदिर नको, मनोरा नको. वाळत घातलेले कपडे बघायची. शाळेच्या फाटकाशी नातवाची वाट बघणारे आजोबा बघायची. सावरीचं लाल फूल धप्पकन पडलं की उचलायची आणि विचारायची, "हे सिन-यूनं पाहिलं असेल? तिच्या गावात आहे हे झाड?" सिन-यू म्हणजे ती मुलगी. एवढासा फोटो होता हिच्याकडे, कडा पार मऊ झालेल्या. मी म्हणायचे, असेल. सूप करतात ह्याचं, सगळीकडे असतं. की हिचा चेहरा असा उजळायचा, जसं काही मुलगी तिथेच झाडाखाली बसलीय.

एकदा बोटीत मला म्हणाली, "इकेरची रजा संपत आलीय. शुक्रवारपर्यंत सिन-यू दिली नाही तर आम्हाला परत जावं लागेल, मग यायचं थेट उन्हाळ्यात. ती वर्षाची झालीय, साऊ-मान. उन्हाळ्यापर्यंत चालायला लागेल. तिचं पहिलं पाऊल दुसरंच कुणीतरी बघेल."

मी नदीकडे बघत बसले.

तर त्या कमानींच्या रस्त्यावर ती टोपल्या विकणारी फोंग मावशी आहे ना, जिचे गुडघे दुखतात आणि तोंड दुखत नाही, तिच्या पायरीवर माइतेताई बसली, बुटातला खडा काढायला. मावशी मला विचारते, "ही बाई रोज इथून जाते. हिचं काही हरवलंय का?"

मी इतकी दमले होते की सरळ बोलून गेले, "मुलगी यायचीय हिची. आज येईल, उद्या येईल."

मावशीच्या हातातली टोपलीच पडली. "आणि तू हिला चालवतेयस? या असल्या हवेत? ओल्या फरशीवरून? अक्कल आहे की नाही तुला?"

"अगं मावशी, पोटात नाहीये! दत्तक घेतायत. बालगृहातून यायचीय."

"मग? यायचंय ना मूल?"

"यायचंय."

"मग आई ना ही? पोटातनं येवो नाहीतर बसमधनं येवो. बस म्हणावं तिला. पाठीला टेकायला दे काहीतरी."

झालं! दुसऱ्या दिवशी अख्ख्या रस्त्याला खबर. भाजलेला हंस विकतो ना तो, त्यानं आम्हाला बघून आपलं स्टूल पुढे सरकवलं. शिंप्यानं कात्री उचलून खणात टाकली, वाट बघणाऱ्या बाईसमोर कात्री नको म्हणून. उसाच्या रसवाली तर थंड रस द्यायलाच तयार नाही! "पोट गार पडेल तिचं." शेवटी रस कोमट करून दिला. एक म्हातारी हिच्या मागेच लागली, हात वर करून काही काढायचं नाही, ओझं उचलायचं नाही. मी भाषांतर करता करता हसतेय, माइतेताईही हसतेय, सगळे हसतायत, आणि तो कोमट रस हातात धरून ही एकदम रडायलाच लागली.

मी घाबरले. म्हटलं, कुणी काही वावगं बोललं का?

"नाही गं," म्हणाली. "माझ्या बहिणीला दिवस गेले तेव्हा सगळं गाव उठून तिला जागा द्यायचं. मी किती वर्षं वाट बघतेय. मला आजवर कुणी बसायला जागा दिली नव्हती."

मी हे रसवालीला सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, तिनं पटकन अजून एक ग्लास ओतला.

त्यानंतर आमचं चालणं संपायचं ते फोंग मावशीच्या पायरीवर. आणि तिथे एक वास यायचा, आल्याचा, काळ्या गोड व्हिनेगरचा. माइतेताईनं विचारलंच. मावशीनं आत नेऊन दाखवलं, चुलीवर हे एवढं मातीचं मडकं. माइतेताईनं झाकणाला हात लावला मात्र, मावशीनं फटका मारला! खरंच मारला!

"मूल घरात आल्याशिवाय उघडायचं नाही. सांग तिला."

मी सांगितलं, की घरात मूल यायचं असलं की सासू आधीपासून हे लावते. आलं मुरत ठेवते. मग मूल यायच्या वेळी त्यात डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी पडतात, बाळंतिणीला खायला घालतात, शेजारी वाटतात.

"मग कुणाचं मूल यायचंय?" माइतेताईनं विचारलं.

मावशी चुलीकडे बघत म्हणाली, "आलं. कॅनडात नातू झाला. आता रांगतोय." सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी हिनं मडकं लावलेलं. तिकडे जायला परवानगी मिळाली नाही. मुलाला-सुनेलाही इकडे यायला जमेना. सून फोनवर म्हणाली, आई, मला तो वासच सहन होत नाही, टाकून द्या. "टाकून कसं द्यायचं? लावलं ते लावलं. खराब होऊ नये म्हणून अधनंमधनं उकळी देते." एवढंच बोलली आणि माझ्यावरच ओरडली, "बघतेस काय, चहा ओत तिला."

मग गुरुवार. कचेरीतून निरोप, की डॉक्टर अजून हो म्हणत नाहीत, तुम्ही तिकिटं काढलेली बरी. माइतेताई त्या दिवशी चाललीच नाही. मावशीच्या पायरीवर येऊन बसली आणि हातातल्या फुलाच्या पाकळ्या एकेक करून काढत राहिली. मावशीनं मला विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, आता ही काहीतरी धीर देईल. काही नाही. उठली, गुडघ्याला शिवी दिली, आणि खाटकाकडे गेली.

परत आली ती डुकराचे पाय आणि पिशवीभर अंडी घेऊन.

"मावशी, हे काय? ते लोक परत चाललेत!"

"तू तुझं भाषांतर कर. सांग तिला, अंडी उकडली की सोल."

आणि तिनं झाकण काढलं, ज्याला इतके दिवस कुणाला हात लावू दिला नाही ते, आणि पाय मडक्यात सोडले. माइतेताई अंडी सोलत होती. टरफलं निघता निघत नव्हती आणि तिचे डोळे वाहत होते. मला भाषांतराला काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी इकेर धावत आला. कमानींखालून, हॉटेलच्या पांढऱ्या चपला घालून, ओल्या फरशीवर घसरत! फोन सोडून आला म्हणजे काय ते सगळ्या रस्त्याला कळलं. डॉक्टरनं रात्री सही केली होती. बस निघाली होती.

कचेरीत काय झालं सांगू? सिन-यूनं जो टाहो फोडला! कपाळावर खपल्या, नाक लाल, सांभाळणाऱ्या बाईचा सदरा सोडेना. माइतेताईनं मांडीवर घेतलं, रडतेय. झुलवलं, रडतेय. इकेरनं बेडकासारखा आवाज काढला, अजूनच रडतेय. शेवटी माइतेताई उठली आणि व्हरांड्यात चालायला लागली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौथ्या-पाचव्या फेरीला गप्प. थांबली की परत टाहो. चालली की गप्प. साहेब म्हणाले, बाई, सही करा. इकेरनं कागद हातात धरून तिच्यासोबत चालत चालत सही करून घेतली!

संध्याकाळी मावशीनं वाडगं भरून माझ्या हातात दिलं. "हॉटेलात दे. आणि बजावून सांग, महिनाभर दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही." मी वाडगं घेऊन वळते तर काय, समोरून माइतेताई येतेय! छातीशी बांधलेली सिन-यू, झोपलेली.

"आत! आत!" मावशी ओरडत धावली. "वारं लागेल! टोपी कुठंय पोरीची?"

"ही थांबली की पोरगी उठते, मावशी," मी म्हटलं.

मावशीनं हात पुढे केले होते, घ्यायला. सिन-यूचा ओठ थरथरला. मावशीनं हात मागे घेतले. आणि मग, दुकान तसंच उघडं टाकून, ती माइतेताईच्या बाजूनं चालायला लागली. त्या गुडघ्यांनी! एका हातात सिन-यूचं लोंबणारं पाऊल, असं तळव्यात घेतलेलं. दुसऱ्या बाजूला मी, वाडगं धरून चालत चालत त्या बाईच्या तोंडात घास घालतेय, व्हिनेगर माझ्या बुटांवर सांडतंय, हे बघा, हे डाग. हंसवाला मागून ओरडतोय, बाळंतिणीची वरात निघाली म्हणून.

पुलापर्यंत आलो. पुढे चढ होता, मावशीला तो जमणारा नव्हता. ती थांबली नाही लगेच. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "कॅनडात आत्ता किती वाजले असतील गं?"

"मध्यरात्र उलटून गेली असेल तिकडे."

"म्हणजे झोपला असेल," म्हणाली, आणि सिन-यूचा मोजा टाचेपर्यंत नीट वर ओढून तिनं ते पाऊल सोडलं.