थरथरत्या हाताचा कॅमेरा

चित्रकलेच्या शिक्षकाची नोकरी संपल्यापासून मधुकररावांचा एक नेम होता. सकाळी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घरातून निघून शेतांच्या बाजूला फिरायला जायचं आणि जाताना कॅमेरा गळ्यात घालायचा. पण दिवाळीपासून फोटो हालायला लागले. बांधावरचा बगळा, मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बाया, सगळंच पुसट.

"कॅमेरा म्हातारा झाला," त्यांनी बायकोला, उज्वलाताईंना सांगितलं. "जड बी लय आहे. आता लहानसा घेतो, रोज खिशात राहीन असा."

खरं कारण त्यांना ठाऊक होतं. उजवा हात कापत होता. कप उचलला की चहा सांडायचा, म्हणून ते अर्धाच कप मागू लागले होते. गल्लीतल्या एका ओळखीच्या माणसाला कंपवात झाला होता आणि दोन वर्षांत तो खाटेला खिळला होता. त्या आजाराचं नाव मधुकररावांनी घरात एकदाही काढलं नाही.

वर्ध्याच्या दुकानात दोघंही गेले. दुकानदार स्वप्निलनं तीन लहान कॅमेरे काचेवर मांडले. पहिल्याला डोळा लावायला खिडकीच नव्हती. दारात उन्हात जाऊन पाहिलं तर मागचा पडदा काळाठिक्कर. दुसरा देखणा होता, मुठीत मावत होता. मधुकररावांनी समोरच्या पाटीचा फोटो काढला. अक्षरं फिसकटली. तिसऱ्यानंही तेच.

"याची लेन्स बरोबर दिसत नाही," ते म्हणाले.

स्वप्निलनं तोच कॅमेरा घेऊन तीच पाटी टिपली. अक्षर न् अक्षर स्वच्छ. त्यानं कॅमेरा खाली ठेवला आणि उगाच काच पुसत बसला. उज्वलाताईंनी दोन्ही फोटो पाहिले. मग नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं.

"कवापासून?"

"काय कवापासून?"

"हात कवापासून थरथरून राह्यला?"

"दिवाळीपासून."

"अन् मले सांगतलं काऊन नाई?"

मधुकररावांनी समोरचा कॅमेरा बाजूला सारला. "तोंडानं सांगतलं का मंग ते खरंच होते, असं वाटे."

कॅमेरे तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वलाताई त्यांना सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी चालायला लावलं, मग हात मांडीवर सैल सोडून बसायला सांगितलं, आणि शेवटी कागद पुढे केला. "काका, गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढा."

चौतीस वर्षं फळ्यावर एका झटक्यात अख्खं वर्तुळ काढून पोरांना थक्क करणारा माणूस. कागदावरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटली. मधुकररावांनी मान खाली घातली.

"घरात आणखी कोणाचे हात कापायचे?" बाईंनी विचारलं.

"आईचे. पण भाकर आई शेवटपर्यंत थापे."

बाई हसल्या. "मग तुमचंही तेच, आईकडून आलेलं. तुम्हाला कंपवाताची भीती वाटतेय ना, तो आजार हा नाही. त्यात हात स्वस्थ ठेवला तरी कापतो. तुमचा काम करतानाच कापतो. त्रास वाटला तर गोळी देईन, पण यानं तुम्ही खाटेवर पडणार नाही."

बाहेर आल्यावर मधुकरराव बाकावर बसले ते उठेचनात. उज्वलाताईंनी पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "सहा महिने! सहा महिने एकटेच भेऊन राह्यले!"

"चूक झाली ना बाई," ते म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं.

तिथून ते सरळ दुकानात गेले. या वेळी मधुकररावांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "माहा हात कापते. आता दाखव."

स्वप्निलचा चेहरा मोकळा झाला. "सर, काल तुमी लहान मांगतला, मी लहान दाखवला. हा पाहा. थोडा जाड आहे, पण हात हालला का फोटो टिपणारा आतला सेन्सर उलट्या बाजूनं हालते अन् सांभाळून घेते. डोळा लावाले खिडकी बी आहे."

मधुकररावांनी तो डोळ्याला लावला, कोपर छातीशी दाबून पाटी टिपली. खालच्या ओळीतला बारीक फोन नंबरसुद्धा वाचता आला.

"पण खिशात कुठी मावते हा?" उज्वलाताई म्हणाल्या.

"पिशवीत मावते. तेवढं पुरे."

रविवारी ते अल्लीपूरला धाकट्या भावाच्या, किशोरच्या मळ्यात गेले. भेंडीची तोडणी चालू होती. हाताला खाजू नये म्हणून हातमोजे चढवून उज्वलाताईही जावेसोबत ओळीत शिरल्या. मधुकररावांनी पोटभर फोटो काढले. काही हालले, बरेचसे नाही. हाललेले त्यांनी लपवले नाहीत, सगळ्यांना दाखवून हसले. दुपारी जेवणं झाली. भावानं भरून दिलेला चहाचा कप त्यांनी उचलला, थोडा धोतरावर सांडला, उरलेला प्याले आणि झोपडीतल्या बाजेवर आडवे होताच घोरायला लागले.