माणूस बदलून पाहा

शेखरनं कॅप्स लॉकचं बटण दाबलं. कीबोर्डवरचा बारीक हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं, तो विझला. म्हणजे मशीन आतून चालू होतं. स्क्रीनवर मात्र घड्याळ नऊ वाजून बारा मिनिटांवर अडून बसलं होतं आणि माऊसचा बाण अर्ध्या पावतीवर चिकटून राहिला होता.

"पाह्यलं नं?" उत्तमराव म्हणाले. "अर्धा तास नाई झाला तिले बसून, तं हे असं. मनोज असला की दिवसभर काही होत नाई."

पावत्या काढणारी चंदा खुर्चीतून उठून भिंतीशी उभी राहिली होती. पाण्याचा रिकामा ग्लास अजून तिच्या हातातच होता. बाहेर शेडमध्ये मेथी, पालक, वांगी घेऊन आलेल्यांची रांग होती, आणि खिडकीतून आत डोकावायची कुणालाच लाज वाटत नव्हती.

"बसली काय चंदा?" रांगेत मागून कुणीतरी विचारलं.

"बसली, अन् बंदबी पडलं."

मोर्शी रस्त्यावरच्या या भाजीपाला संस्थेत हा कॉम्प्युटर शेखरनंच बसवला होता. उत्तमराव संस्थेचे अध्यक्ष. फुकट मिळणारी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली लिनक्स प्रणाली त्यात टाकताना शेखरनं त्यांना छाती ठोकून सांगितलं होतं, की हे अडकत नाही. कसलं अडकत नाही! दीड महिना झाला, रोज एकदा तरी अडकत होतं. वजनाची पावती निघाल्याशिवाय माल गाडीत चढत नाही, आणि उन्हात ठेवलेली मेथी काही कुणाची वाट पाहत नाही.

पहिला फोन आला तेव्हा शेखर अमरावतीत दुसऱ्याच कुणाच्या मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि कोणताही शहाणा मेकॅनिक सांगेल तेच सांगितलं: एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी केबल बदला. मग प्लगची जागा बदला. त्यानंही नाही झालं, तर तीन दिवस माणूस बदलून पाहा.

केबल बदलली, अडकलं. प्लग बदलला, अडकलं. माणूस बदलला. चंदाच्या जागी वजनकाट्यावरचा मनोज बसला, आणि मशीन तीन दिवस मुकाट्यानं चाललं. झालं! लोकांना आणखी काय पाहिजे? लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला, तेव्हापासून चंदासाठी एक शब्द गावात तयार होता. तोंडावर बोलायला निमित्त तेवढं नव्हतं, ते शेखरनं फोनवरून पुरवलं. आता चौथीतली पोरंही तिला पनवती म्हणत होती.

"मशीन एकदम फिट हाय," उत्तमरावांनी परवा खुशीत फोन करून सांगितलं. "फॉल्ट बाईतच होता. एक तारखेपासून मनोज पक्का. काट्यावर दुसरा माणूस पाह्यला. चंदाले सांगून देलं, की बाई, तुयं तू पाह्य."

ते ऐकून शेखरला जेवण गेलं नाही. आज सकाळच्या पहिल्या गाडीनं तो आला होता, आणि आल्या आल्या म्हणाला होता, चंदाताईंना खुर्चीवर बसवा. त्याचा निकाल आता सगळ्यांसमोर होता.

त्यानं लॅपटॉप काढला, एक वायर जोडली आणि त्या अडकलेल्या मशीनच्या आत शिरला. आत सगळं व्यवस्थित चालू होतं. काट्यावरून वजन येत होतं, प्रिंटर हुकमाची वाट पाहत होता. फक्त स्क्रीनवर चित्र काढणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम तेवढा आडवा झाला होता. मशीन स्वतःचं बरंवाईट एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. शेखरनं ती उघडली. नऊ बाराला तीन ओळी होत्या: स्क्रीन गेली, स्क्रीन आली, ड्रायव्हर उत्तर देत नाही. तो मागे गेला. चंदा ज्या ज्या दिवशी बसली होती, त्या प्रत्येक दिवशी त्याच तीन ओळी, त्याच क्रमानं.

"चंदाताई, आत्ता मशीन अडकायच्या आधी तुमी काय केलं?"

"काही नाई केलं." तिनं रिकामा ग्लास दाखवला. "पाणी प्याले उठली, बस."

"उठताना?"

तिनं एकदा उत्तमरावांकडे पाहिलं. "उठताना स्क्रीनचं बटण बंद केलं. आल्यावर लावलं. घरी मले सवयच हाय तशी, खोलीतून निघाली की लाईट बंद. काहून? करू नोको काय?"

"दर वेळी करता?"

"उठली की करतो."

"मनोजभाऊ, तुमी?"

"मी कायले बंद करू? सकाळी मशीनसंगं लावतो, घरी जाताना मशीनसंगंच बंद करतो," मनोज म्हणाला. चाळिशीचा, मिशीवाला, कमी बोलणारा माणूस.

शेखरनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि या वेळी मनोजला खुर्चीवर बसवलं. खिडकीचं दार त्यानं मुद्दाम पूर्ण उघडलं. "सगळे पाहा हं. मनोजभाऊ, एक पावती काढा."

पावती निघाली.

"आता स्क्रीन बंद करा. लावा आता."

मनोजनं बटण दाबलं. काळी झालेली स्क्रीन उजळली. घड्याळ नऊ एकेचाळीसवर थांबलं, बाण चिकटला. मनोजनं माऊस हलवून पाहिला, मग आपटून पाहिला. काही उपयोग नव्हता.

रांगेतली डोकी खिडकीत आणखी पुढं सरकली. मग पुढं उभी असलेली मैनाबाई हातातली मेथीची जुडी हलवत म्हणाली, "अवं माय! आता मनोजचाबी हात गेला काय?"

रांग खदखदून हसली.

"चंदाच्या खुर्चीवर बसला नं तो! लागलं त्याले!"

"रविवारी त्याच्या पोरीले पाहाले येऊन राहिले. याले तिथं बसवू नोका बरं, बाप्पा!"

मनोजनं कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. त्याचा चेहरा उतरला. शेखर ड्रायव्हरचं काहीतरी समजावून सांगत होता, पण त्या हसण्यात ते कुणाला ऐकू जाणार!

"हासू नोका!"

आवाज चंदाचा होता. दीड महिन्यात तिनं तिथं एवढ्या मोठ्यानं काही म्हटलं नव्हतं. भिंत सोडून ती खिडकीपाशी आली. "त्याच्या हाताले काही नाई झालं. मशीनमदलं बिघडलं हाय. हे दादा कवाचे सांगून राहिले, आइका नं जरा."

रांग शेखरकडे वळली. आता शेखरला बोलणं भाग होतं, आणि गोलगोल बोलायला जागा उरली नव्हती.

"दिवाळीत मी अमरावतीहून याच्यात नवा ड्रायव्हर टाकला," तो म्हणाला. "तो खराब निघाला. स्क्रीन बंद करून लावली की तो अडकते. कोणीही लावो. आधीचा ऑपरेटर स्क्रीन बंद करतच नव्हता, म्हणून कोणाले कळलं नाही. चंदाताई तं संक्रांतीनंतर आल्या. चूक माझी आहे. अन् माणूस बदला म्हणणाराही मीच."

उत्तमराव उगाचच खाकरले. शेखरनं नवा ड्रायव्हर काढला, जुना परत बसवला. दहाबारा मिनिटं लागली. मग त्यानं स्क्रीन बंद केली, लावली. बंद केली, लावली. घड्याळ पुढं सरकत राहिलं.

"चला, मिटलं," उत्तमराव म्हणाले. "चंदा, बस वं. तुही जागा तुले."

मनोज केव्हाच उठला होता. दोन्ही हात पाठीमागे घेऊन तो दारापाशी जाऊन उभा होता.

चंदानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्या खुर्चीसाठी ती गेले कितीतरी दिवस रडली होती. पण ती बसली नाही.

"आधी मनोजभाऊले बसू द्या."

"आता काहून?"

"आज तो असाच उठला तं रविवारपर्यंत साऱ्या गावात तोबी पनवती होईन. त्याच्या हातानं दहा पावत्या निघू द्या. अन् दर पावतीले स्क्रीन बंद करून लावू द्या, साऱ्यायच्या समोर. मंग बसतो मी."

कुणी हसलं नाही. मैनाबाईनं मान खाली घालून मेथीचं गाठोडं काट्यावर ठेवलं. मनोज आला, बसला. चंदा बाहेर काट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"साडेअकरा किलो," तिनं आवाज दिला.

पावती निघाली. मनोजनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. स्क्रीन उजळली.

"चालू हाय," तो म्हणाला.

"दुसरी काढा."

हे आपल्याला सुचलं नाही, याची शेखरला मनापासून लाज वाटली. त्याची बॅग भरून झाली होती आणि सव्वादहाची गाडी समोर नाक्यावर येऊन उभी होती. ती त्यानं जाऊ दिली, आणि दहाही पावत्या होईपर्यंत तो रांगेतल्या माणसांबरोबर खिडकीशी उभा राहिला.